पिराजीकाकांच्या शेजारची खुर्ची

“आज वार कोणता, काका?”

उत्तर देण्याआधी पिराजी तोडकरांनी मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मग माझ्याकडे बघून ते छान हसले आणि म्हणाले, “वाराचं काय घिऊन बसलाय बाई? म्हाताऱ्या माणसाला समदे वार सारखंच की.”

मी महिना विचारला. पुन्हा मान वळली, पुन्हा ती रिकामी खुर्ची, पुन्हा ते गोड हसू, आणि यंदा ऊन कसं चढलंय याची सविस्तर माहिती. महिना काही आला नाही. तिसऱ्या प्रश्नालाही मान वळली तेव्हा माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला मी टेबलाखाली वाकले आणि तिथेच जरा वेळ थांबले, कारण मला घाम फुटला होता.

हे पिराजीकाका पेशंट नव्हतेच. ते नट होते. समोरच्या भिंतीत एक मोठा आरसा होता, पलीकडून तो नुसती काच होता, आणि त्या काचेमागे तीन परीक्षक बसून माझी परीक्षा घेत होते. सतरा वर्षं झाली याला, पण टेबलाखालून दिसलेल्या काकांच्या कोल्हापुरी चपला मला अजून आठवतात. नव्या होत्या, परीक्षेसाठी खास घालून आले होते.

चिकित्सा मानसशास्त्रात पीएच.डी. झाल्यावरसुद्धा पुढे दोन वर्षं फेलोशिप करायची असते, हे मी बार्शीत कोणाला पटवू शकले नव्हते. “डॉक्टर झालीस ना? मग आता कसली शाळा?” हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकू मला दर सुट्टीत विचारायच्या. कोल्हापूरच्या ज्या इस्पितळात मी ती करत होते त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझी शोभा होणार आहे. तिथे चार विभाग होते: मेंदूचा, मुलांचा, दीर्घ आजारांचा आणि वृद्धांचा. आम्ही फेलोही चौघं. पहिले तीन महिने सगळ्यांना चारही विभागांतून फिरवायचे, मग एक परीक्षा, आणि मग नंबराप्रमाणे एकेकाने आपला विभाग उचलायचा. जो चौथा येईल त्याने काही उचलायचं नाही, उरेल ते घ्यायचं. उरणार कोणता, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. वृद्धांचा विभाग कोणाला नको होता.

मला मेंदूचा हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यासाठी मी सहा वर्षं घालवली होती. माझा सगळा प्रबंध माणूस कसा विसरतो यावर होता. चौकोनी ठोकळे, शब्दांच्या याद्या, स्टॉपवॉच, यात माझा जीव रमायचा. माणूस सकाळी आत यायचा, आणि दुपारी त्याच्या डोक्यात कुठे काय बिघडलंय ते मी आकड्यांत सांगू शकायचे. अशी जागा आमच्या अख्ख्या पट्ट्यात ही एकच होती. ती गेली असती तर सहा वर्षं पाण्यात जाणार होती, आणि हे मी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की तन्वीर मुजावर, ज्याला तीच जागा हवी होती, तो मला बघितलं की “आले मेंदूवाले” म्हणून वाट सोडायचा. तन्वीर मिरजेचा, हुशार, आणि वैताग येईल इतका सज्जन. तीन महिन्यांच्या गुणांत मी त्याच्या दोन पावलं पुढे होते. परीक्षेत फक्त घोळ करायचा नव्हता.

परीक्षेची पद्धत आमच्या विभागप्रमुखांनी, सबनीस मॅडमनी, काढलेली. खऱ्या पेशंटवर परीक्षा घेणं त्यांना पसंत नव्हतं. आणि कोल्हापूर म्हणजे जुन्या सिनेमांचं आणि नाटक कंपन्यांचं गाव. गर्दीत उभं राहून आयुष्य काढलेली माणसं तिथे गल्लोगल्ली भेटतात. मॅडम त्यांना बोलवायच्या. आदल्या दिवशी नटाला एक कागद मिळायचा, त्यावर त्याचं दुखणं लिहिलेलं. त्याने ते वठवायचं. आम्ही तपासायचं आणि शेवटी लिहून द्यायचं की भूमिका कोणत्या आजाराची होती. मग पाकीट फोडायचं आणि ताडून बघायचं. पिराजीकाका त्यांतले सगळ्यांत जुने. चाळीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत, बहुतेक वेळ भालदार किंवा दूत.

मी टेबलाखालून वर आले आणि आमच्या विभागाची दहा शब्दांची यादी वाचून दाखवली. अडकित्ता, पोपट, विहीर, टोपी, अशी. काकांनी तीन सांगितले, एक स्वतःच्या मनाचा घातला, आणि बाकीच्यांची गरज काय असं मला समजावून सांगितलं. ठोकळे मांडताना ते माझ्या बांगडीचं कौतुक करायला लागले. प्रत्येक प्रश्नाला मान आधी वळायची. आता हे मान वळवणं मला मेंदू विभागात शिकवलेलं होतं. ज्याची स्मरणशक्ती खरोखर ढासळत असते, तो माणूस प्रश्न विचारला की आपल्या बायकोकडे नाहीतर मुलाकडे बघतो, ‘सांग की’ म्हणून. ते त्याला कळतसुद्धा नाही. नटाच्या कागदावर हे कधी लिहिलेलं नसतं.

तरी मी स्वतःला दमात घेतलं. मधे दहा मिनिटं चहाची सुट्टी असते. चहाच्या सुट्टीत नट काही पेशंट राहत नाही, तो आपला माणसात येतो, असा माझा समज होता. म्हणून मी अगदी सहज, परीक्षेबाहेरचं म्हणून विचारलं, “काका, साखर किती घेता?”

काकांनी मान वळवली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मी उठले, दार उघडलं, वळसा घालून काचेमागच्या खोलीत घुसले आणि तीन परीक्षकांना सांगितलं की परीक्षा थांबवा, या गृहस्थांना भूमिका वगैरे काही नाही, हे खरोखर आजारी आहेत. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. मी ते उत्तरपत्रिकेवर लिहिलंही, खाली सही केली, आणि न्यूरॉलॉजिस्टला फोन लावायला निघाले. सबनीस मॅडमनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

पुढचं सांगायला लाज वाटते. काकांना आत बोलावलं. मॅडमनी विचारलं, काका, त्या शब्दांचं काय? काका ताठ उभे राहिले आणि दहाचे दहा शब्द सुलट, मग उलट, मग एक सोडून एक असे म्हणून दाखवले. वर सुभेदाराचा निरोप घेऊन येणाऱ्या दूताचं अख्खं भाषण, हातवाऱ्यांसकट. परीक्षकांपैकी एक सर हसता हसता खुर्चीवरून सरकले. पाकीट फोडलं तर त्यात लिहिलं होतं, ‘नैराश्य. प्रत्येक प्रश्नाला संथपणे माहीत नाही म्हणावे.’

मॅडमनी काकांनाही फैलावर घेतलं. कागदावर एक आणि तुम्ही केलंत भलतंच. काका म्हणाले, “नुस्तं माहीत न्हाई, माहीत न्हाई म्हणायचं, त्यात काम काय हाय बाई? त्ये तर खांबबी करंल.”

“आणि चहाच्या वेळीसुद्धा?”

“मधल्या सुट्टीत कोन मेकप उतरीवतंय व्हय?”

मान वळवण्याचं कारण मॅडमनीच लावलं. जुन्या रंगभूमीचा नट, शब्द अडला की विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघायची सवय. सगळ्यांना पटलं. मला सोडून. पण ज्या माणसाने दहा शब्द उलटे म्हणून दाखवले तो आजारी आहे असं म्हणत राहायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मॅडम तशा न्यायी. त्या म्हणाल्या, “काकांनी कागद सोडून काम केलं, हे मला मान्य. पण तू धडधाकट माणसाला खरा आजारी ठरवलंस केतकी, आणि तेही एका रिकाम्या खुर्चीवरून. त्या खुर्चीत तुला काय दिसलं ते पाच वाजेपर्यंत लेखी दे. पटलं तर मी तुझी परीक्षा पुन्हा घेईन. नाही पटलं तर निदानाचे शून्य.”

शून्य म्हणजे चौथा नंबर. तेवढं गणित मला येत होतं.

मी काकांना गाठलं ते इस्पितळाच्या मागच्या गाडीवर. ते तिथे तिखट रश्श्यातला कट वडा खात होते आणि वडेवाल्याला सांगत होते की आज एका शिकलेल्या डॉक्टरीणबाईला आपण गंडवलं. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्यासाठीही एक प्लेट सांगितली. चाळीस वर्षं लोक आपल्याला भालदार म्हणून बघत आले, नट म्हणून कोणी बघितलं नाही, तुम्ही बघितलंत, असं ते म्हणाले. मग मी कुठे कुठे फसले ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. पेन पडलं तेव्हा काय वाटलं? पोटात गोळा आला का? मी आला म्हटलं. ते खूश. टेबलाखाली गेला ते भ्याल्यामुळंच ना? हो म्हटलं. ते वडेवाल्याकडे वळले, “आयकलास का रं?”

माझा संताप व्हायला हवा होता, पण त्यांचा तो आनंद बघून मलाच हसू यायला लागलं. हसता हसता मी विचारलं, “पण काका, ते मान वळवणं तुम्हाला कोणी शिकवलं? आणि प्रॉम्प्टरची सवय असं सांगू नका. भालदाराला प्रॉम्प्टर लागत नाही.”

काकांनी वडा खाली ठेवला.

“बगून शिकलो,” ते म्हणाले.

“कुणाला?”

त्यांनी वडेवाल्याकडे पाठ फिरवली. मग हळू आवाजात सांगायला लागले. त्यांची बायको हौसाबाई. कंपनीत ती कपडे शिवायला आली होती, पण चौथी शिकलेली आणि वाचायला फाकडू, म्हणून तिला विंगेत पोथी घेऊन उभं केलं. दोन वर्षांत पोथीची गरज उरली नाही. सतरा नाटकं तिला तोंडपाठ होती. मोठमोठे नट रंगमंचावर अडले की विंगेकडे मान वळवायचे आणि हौसाबाई पुढचं वाक्य सोडायची. तिच्या जिवावर कंपनी चालायची, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“आता ती माज्याकडं बगती,” काका म्हणाले. “कोनी काय इचारलं की पयली मान हिकडं. मग मी हळूच सांगतो. वार सांगतो, नातवाचं नाव सांगतो. तिच्या ध्यानातबी येत न्हाई. आता मीच प्रॉम्टर झालोय बाई.”

खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. माझी नजर चुकली नव्हती. मी जे पाहिलं तो खरा आजार होता, फक्त तो समोर बसलेल्या माणसाचा नव्हता. पाच वाजता हे लिहून दिलं की परीक्षा पुन्हा, पहिला नंबर, मेंदू विभाग. इतका आनंद झाला की लगेच मागोमाग माझी मलाच लाज वाटली.

काकांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यांनी दोन्ही हात जोडले. “ह्ये काचंमागच्या कुनाला सांगू नगासा. समदी तिला वळकत्यात. तिच्या कानाव गेलं की मला कळलंय, तर ती हाय खाईल. सतरा नाटकं पाठ असल्याली बाई हाय ती.”

मी वचन दिलं. दिल्यावर लक्षात आलं की मी काय दिलंय.

तेवढ्यात हौसाबाईच आल्या. ठेंगणी, चटपटीत बाई, हातात चष्म्याचं घर. काका सकाळी चष्मा घरी विसरले होते. काकांनी आमची ओळख करून दिली, मी पुन्हा एकदा कशी फसले ते मोठ्या आवाजात सांगितलं, आणि हात धुवायला नळावर गेले. ते लांब गेल्याची खात्री करून हौसाबाई माझ्याजवळ सरकल्या.

“खरंच फसलासा?”

“पूर्ण,” मी म्हटलं.

“बसीवलंय कुनी?” त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “कागूद घिऊन आलं काल. नुस्तं माहीत न्हाई म्हनायचं लिवल्यालं. मी म्हनलं, असं न्हवं. मानूस इसरतंय तवा कबूल कुटं करतंय? मान वळीवतंय, हसून न्हेतंय, भलतंच बोलत ऱ्हातंय. दोन तास तालीम घेतली बगा.”

मी प्लेट गाडीवर ठेवली.

“मावशी, तुम्हाला कसं माहीत?”

हौसाबाईंनी नळाकडे एक नजर टाकली. काका तोंड धूत होते.

“माजंच हाय की त्ये,” त्या म्हणाल्या. “डोक्यातनं काय काय पडाय लागलंय, ते मला कळत न्हाई व्हय? वरीस झालं. ह्ये हळूच वार सांगत्यात, मी आपली ऐकून घेते. ह्यास्नी वाटतंय मला उमगत न्हाई. तसंच वाटूंदे. लई हळवं हाय ते मानूस. मला ठावं हाय म्हनून कळलं तर खचून जाईल. तुमी बोलू नगासा.”

मी दुसरं वचन दिलं. दुसरं काय करणार? काका पंच्याने तोंड पुसत आले. दोघं एकमेकांकडे बघून हसली, मग दोघंही माझ्याकडे बघून हसली, आणि मीही हसले. माझ्या प्लेटमधला रस्सा गार झाला होता.

त्या दुपारी मी ग्रंथालयात कोरा कागद पुढे घेऊन बसले. सगळं स्वच्छ होतं. दोन ओळी लिहिल्या की जागा माझी. नाव न घालता लिहावं म्हटलं, तर पिराजीकाकांच्या घरात दुसरं माणूस होतं कोण? मॅडमना एकटीला, दार लावून सांगावं म्हटलं, तर काकांनी काचेमागचं कोणीच नको म्हटलं होतं आणि मी मान हलवली होती. बरं, ती दोघं माझे पेशंट नव्हती. कुठला फॉर्म भरला नव्हता, कुठली सही नव्हती. मी नुसता त्यांचा वडा खाल्ला होता. हेही मी स्वतःला ऐकवून पाहिलं. चार वाजता तन्वीर येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, नैराश्य आणि खरा विसर यांतला फरक दाखवणारे तीन संदर्भ त्याने माझ्यासाठी काढून आणलेत, लेखी उत्तरात उपयोगी पडतील. ज्याला तीच जागा हवी होती तो मला मदत करत होता. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

पाच वाजता मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ होती: खुर्चीबद्दल मला काही सांगायचं नाही.

मॅडमनी ती दोनदा वाचली. चष्मा काढला.

“सहा वर्षं विसरण्यावर काम केलेली मुलगी तू. उगाच लिहिणार नाहीस. तुला नक्की काहीतरी दिसलं होतं.”

मी टेबलावरचा कागद सरळ केला.

“केतकी, ही जागा जाईल. मग मला काही करता येणार नाही.”

“हो मॅडम.”

“काही सांगायचंय?”

“नाही मॅडम.”

त्यांनी नोंदवहीत शून्य घातलं. बाकीचे तिघं बाहेर थांबलेच होते, त्यांना आत बोलावून त्यांनी नंबर वाचून दाखवले. तन्वीरने मेंदू विभाग उचलला, तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. दुसरीने मुलांचा घेतला, तिसरीने दीर्घ आजारांचा. माझ्यासाठी उरलं ते उरलं.

आणि मला हसू फुटलं. सकाळपासून पोटात साठलेलं सगळं एकदम वर आलं. काका घाबरून हौसाबाईंपासून लपवतायत, त्या काकांपासून लपवतायत, आणि अख्ख्या कोल्हापुरात खरं काय ते फक्त मला माहीत आहे, जिला आत्ताच निदानात शून्य मिळालंय. मी भिंतीला टेकून हसत होते. आता एका खोलीत इतके मानसतज्ज्ञ असल्यावर काय होणार? एकीने मला पाणी दिलं. दुसरी माझा हात धरून म्हणाली, नाकारणं ही पहिली पायरी असते, येऊ दे. तन्वीर सांगत होता की श्वासावर लक्ष दे, चार आकडे आत, सहा बाहेर. मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “रडून घे, केतकी.” त्याबरोबर मी खालीच बसले. हसून हसून बरगड्या दुखायला लागल्या. त्यांच्यापैकी कोणालाही मी आनंदात आहे हे निदान करता आलं नाही, आणि ते मला सांगताही येत नव्हतं.

बाहेर आले तर फाटकाशी काकांची लूना उभी होती आणि दोघं तिच्या दोन बाजूंना. निकाल ऐकल्याशिवाय जायचं नाही म्हणून दुपारपासून थांबलेली. काकांचा चेहरा उतरला होता. आपल्या अभिनयाचा कोणाला त्रास होऊ शकतो, हे त्यांच्या ध्यानात दुपारी कधीतरी आलं असावं.

“आमच्यापायी तुमचं काय इस्कटलं न्हाई न्हवं?” त्यांनी विचारलं.

“छे. मला विभाग मिळाला की.”

“कुटला?”

“वृद्धांचा.”

हौसाबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी हळूच सांगितलं, “म्हातारी मानसं गं.” त्यांनी मान डोलावली, क्षणभर विचार केला, आणि मग त्यांचं तोंड असं उजळलं की जणू परीक्षेला त्याच बसल्या होत्या.

“म्हंजे आमीच की,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मला सुचलं. सहा वर्षांच्या प्रबंधात जे सुचलं नव्हतं ते लूनाशेजारी उभं राहून सुचलं. मी म्हटलं, मग माझं एक काम करा. मला नवीन विभागात शिकवायला सोमवारपासून तालीम लागणार आहे. काकांनी विसरणाऱ्या माणसाचं काम करायचं. मावशींनी ते बसवून घ्यायचं. विसरणारा माणूस घरात वही कशी ठेवतो, डब्यांवर चिठ्ठ्या कशा लावतो, गोळ्यांची वेळ कशी धरतो, रोज कोणकोणते खेळ खेळतो, हे सगळं घरी करून बघायचं, अगदी खऱ्यासारखं, आणि दर सोमवारी मला करून दाखवायचं. मधून एकदा आमच्याकडच्या डॉक्टरांकडूनही दोघांना तपासून घेऊ, म्हणजे काम आणखी खरं होईल.

“हिला कशाला तरास?” काका म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी एक डोळा मिटला. डोळ्यांत पाणी होतं.

“तालीम म्हनल्याव मी पायजेच,” हौसाबाई म्हणाल्या. काका लूनाला किक मारायला वळले तसा त्यांनीही मला डोळा घातला.

सोमवारी दहाला म्हटलं होतं, साडेनऊलाच येऊन दोघं दारात उभी. माझी फेलोशिप दोन वर्षांत संपली, मी त्याच विभागात राहिले, आणि तालीम नऊ वर्षं चालली. शेवटची दोन वर्षं दोन्ही कामं काकांनाच करावी लागली. त्या नऊ वर्षांत दोघांपैकी कोणीही मला त्या वचनातून मोकळं केलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगितलं.